डॉक्टरच्या शर्टावरचा डाग

माझ्या हातून निघाला नाही असा डाग आमच्या दुकानात आजवर आलेला नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, गिऱ्हाइकंच सांगतात. शाई, वंगण, गंज, पोरांचं औषध, लग्नाच्या कपड्यांवर सांडलेली दारू आणि ती कशी सांडली याची खोटी कारणं, सगळं या दोन हातांखालून गेलंय. शाळा माझी तिसरीत सुटली. पण कापड हातात घेतलं की ज्या घरातून आलं त्या घरात सध्या भांडण चालू आहे का, एवढं मला वाचता येतं. आमचे हे गेल्यापासून लॉन्ड्री मीच चालवते. मुलगा इस्त्रीवर असतो, सूनबाई गिऱ्हाईक आणि नोंदवही बघते, आणि हट्टी डाग माझ्याकडे येतात.

संध्याकाळी साडेसातला मात्र आमचं शटर अर्धं खाली येतं. त्या अर्ध्या तासात कोणाला कपडे न्यायचे असतील तर त्यानं वाकून आत यावं आणि गप्प उभं राहावं. साडेसातला डॉक्टर असतो.

डॉक्टर म्हणजे मालिकेतला. पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या एका मुलीवर त्याचा जीव आहे आणि तिचा त्याच्यावर. दोन वर्षं झाली, अजून एकमेकांना सांगून झालेलं नाही. तो पत्र टाकायला जातो, ती तिकीट चिकटवते, दोघं खाली बघतात आणि जाहिरात लागते. मी असते तर पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाले असते. पण मग मालिका कोणी बघितली असती?

तुला त्याच्यात एवढं काय दिसतं, असं मुलानं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, नीट धुतलेला शर्ट दिसतो. खोटं नव्हतं ते. तो बाह्या दुमडतो तेव्हा दोनच घड्या घालतो, मापून घातल्यासारख्या. आमच्या यांनी उभ्या जन्मात बाही दुमडली नाही, वर सारली. बाकीचं मी मुलाला कशाला सांगू?

ही मालिका आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तयार होते, हे सूनबाईनं शोधून काढलं. तिथल्या कपड्यांचं काम तोवर मशीनवाल्या मोठ्या लॉन्ड्रीकडे होतं. ती तीन महिने त्या फाटकावर खेपा घालत राहिली. मी म्हणायची, नटांचे कपडे धुऊन नटी होणार आहेस का? ती उत्तर द्यायची नाही. उत्तर न देण्यात ती माझ्या वरताण आहे. शेवटी एक दिवस गाठोडं घेऊनच आली. या घरात येऊन सहा वर्षं झाली होती तिला, आणि तिनं स्वतःच्या पायांनी जाऊन आणलेलं हे पहिलं काम. आल्या आल्या मला म्हणाली, "आई, या गाठोड्याला मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही."

माझ्याच दुकानात, मला. मी बरं म्हटलं. तोंडानं.

त्या बुधवारी सकाळी सूनबाई धुतलेले कपडे घेऊन कारखान्यावर गेली होती. मागच्या खोलीत साबण आणायला गेले तर दारामागच्या खिळ्याला कागदात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं दिसलं. कागद वर केला. पांढरा सुती शर्ट, कॉलरच्या आतून निळी पट्टी. बघताक्षणी ओळखला. पोस्टातल्या मुलीनं त्याला वाढदिवसाला दिलेला. त्या भागात तो शर्ट छातीशी धरून पाच मिनिटं नुसता उभा होता.

शर्टाच्या डाव्या बरगडीवर दोन बोटं रुंद चीर होती, आणि चिरेपासून खाली कमरेपर्यंत रक्त.

टीव्हीवर आदल्या संध्याकाळी तो तिला भेटायला निघाला होता, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून, हसत. म्हणजे वाटेत कोणीतरी सुरा घेऊन उभं होतं. तो ज्या रस्त्यानं चालला होता त्याचं पुढचं टोक माझ्या हातात होतं.

मी मनाशी म्हटलं, सूनबाईला डाग काढता आला नाही, म्हणून लपवून ठेवलाय. गेल्या वर्षी एका पडद्याचं तिनं असंच केलं होतं. म्हटलं, येईपर्यंत काढून ठेवू, बघू दे कसा काढतात. एकदा कारण सापडल्यावर हात कोणासाठी थांबत नाहीत. डाग जिभेला लावून बघितला. गोड लागला, मागून थोडा कडू. साखरेचा पाक, खायचा तांबडा रंग आणि कॉफी. रक्त असतं तर वेळ लागला असता. उलट्या बाजूनं गार पाणी सोडलं, मग साबण, मग रंग उरला त्यावर माझी डागांची बाटली. अर्ध्या तासात शर्ट असा झाला की जणू त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पंख्याखाली वाळत घातला आणि चीर रफू करायला सुईत दोरा ओवला.

तेवढ्यात सूनबाई आली आणि तिच्यामागे पिनवाला.

पिनवाला म्हणजे मालिकेच्या कपड्यांचा माणूस. काडीसारखा, शर्टाच्या छातीवर सेफ्टी पिनांची रांग, एक पिन कायम दातांत. पहिल्या दिवशी त्यानं मला आजी म्हटलं होतं, त्याच दिवशी सुधारला, मावशी म्हणायला लागला. त्यानं पंख्याखालचा शर्ट बघितला आणि तोंडातली पिन खाली पडली. ती उचलायला तो वाकला तो स्टुलावरच बसला.

मग त्याच्याकडून तुटक तुटक सगळं कळलं. शर्ट धुवायला आलाच नव्हता. पाकामुळे त्यांच्या कपड्यांच्या खोलीत मुंग्या झाल्या होत्या, म्हणून दोन दिवस फक्त टांगून ठेवायला सूनबाईकडे दिला होता. सुरा लागतो तो प्रसंग अर्धा घेऊन झाला होता. उरलेला अर्धा आज चार वाजता. डॉक्टर रस्त्यात पडलेला, मुलगी धावत येते, त्याला मांडीवर घेते. डाग तोच हवा, तिथेच हवा, तेवढाच हवा. दुसरा शर्ट नव्हता. होता तो पहिल्या खेपेला रक्त भलतीकडे उडालं म्हणून वाया गेला होता. डागाचा फोटो होता, पण चष्मेवालीकडे. ही बाई दर वेळी मागचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघते, कानातलं इकडचं तिकडे झालं तरी पकडते. तिच्याकडे फोटो मागायचा म्हणजे डाग गेला हे आपणच सांगायचं. गेल्या महिन्यात नायिकेचा एक पैंजण हरवला तेव्हा तिनंच पिनवाल्याला बजावलं होतं की पुढच्या चुकीला घरी. आणि तो घरी गेला की गाठोडं परत मशीनवाल्याकडे, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

"कोणी धुतला?" त्यानं विचारलं.

सूनबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. इस्त्री तापली का बघायला आपण ओलं बोट लावून काढून घेतो, तेवढंच.

"माझ्याकडून झालं," ती म्हणाली. "घाईत धुतला गेला."

माझे हात ओले होते आणि बोटांत सुई होती. चाळीस वर्षांत या दुकानात मी कोणापुढे मान खाली घातलेली नाही. तेव्हाही नाही घातली. सुई टोचून ठेवायला भिंतीकडे वळले, एवढंच. भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "डाग मी करून देते."

मुलगा इस्त्रीवरून म्हणाला, "आई, डाग काढायचा असतो."

"तू कोळसे बघ," मी म्हटलं. आमची इस्त्री विजेची आहे, पण त्याला कळलं.

साडेदहा झाले होते. पिनवाल्याला सांगितलं, साडेतीनला ये, आणि तोवर चष्मेवालीच्या समोर पडू नको. तो गेला. सूनबाईनं गॅसवर साखर चढवली. काय घालायचं हे मी सांगत होते, ती घालत होती. एक जास्तीचा शब्द ती बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

आधी जुन्या उशीच्या अभ्र्यावर करून बघितला. पहिला फार लाल, जत्रेतल्या सरबतासारखा. दुसरा पातळ, जिकडे तिकडे पसरला. साखर आटवली, कॉफी वाढवली. तिसऱ्याला रंग बसला, पण कड हवी तशी काळी होईना. बारा वाजून गेले. चौथ्याला जमला.

आता जागा. फोटो नाही, काही नाही. पण जो डाग मी पुसते तो मी आधी पाठ करते. त्याशिवाय तो निघत नाही. कुठे घट्ट आहे, कुठे नुसता ओघळ आहे, कुठून सुरू झाला, कुठे दमला. माणसं चेहरे लक्षात ठेवतात तसं. डोळे मिटून शर्टावरून हात फिरवला. चिरेच्या खाली तळव्याएवढा घट्ट. मग ओघळ, सरळ नाही, पोटाकडे झुकलेला, कारण तो वाकून चालला असणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधे तीन थेंब, त्यातला एक घेवड्याच्या दाण्यासारखा. उजव्या कफवर चार बोटं, जखम दाबलेल्या डाव्या हातानं मनगट धरलं त्याची. ती बोटं पुरुषाची होती. मुलाचा हात पाकात बुडवून मीच कफवर दाबला. तो म्हणाला, माझा हात टीव्हीवर दिसणार. मी म्हटलं, तेवढाच दिसू दे.

सूनबाई घड्याळाकडे बघत होती, मी ओघळाकडे. दोन वाजता एक थेंब चुकून जाडा पडला. टिपकागद धरून मी श्वास रोखून बसले. तो अर्धा उचलला गेला आणि जसा हवा तसाच उरला. पण ओला डाग ओलाच दिसतो. दोन दिवसांचा दिसायला तो वाळायला हवा होता. खाली फडकं घालून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली. कड काळी पडली. एकदम बरोबर. तीन वाजून वीस मिनिटं.

पिनवाला आला. बघत राहिला. म्हणाला, हाच आहे. मग म्हणाला की अंगात चढवल्यावर जागा सरकली तर काय करायचं, तुम्ही चला. मी लुगड्यानं हात पुसले आणि निघाले. आता खरं सांगायचं तर डाग सरकणार नाही हे मला माहीत होतं.

कारखान्याच्या आवारात वायरींचा नुसता गुंता होता. ज्या गल्लीत तो दोन वर्षं तिची वाट बघत उभा राहतो ती गल्ली मला माझ्या गल्लीपेक्षा पाठ आहे. मागून ती नुसती फळ्यांची, टेकू लावलेली. पोस्टाच्या खिडकीमागे पोस्टच नव्हतं, एक तुटका पलंग होता. आणि डॉक्टर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बनियनवर, खांद्यावर टॉवेल, पायांत रबरी चपला. पिनवाल्याहून बुटका. बसला होता पोक काढून, हातातले कागद वाचत. मान वर केली तेव्हा डोळे मात्र तेच होते. माझी एक पायरी चुकली. तिथे पायरी नव्हती.

पिनवाल्यानं शर्ट चढवला. डाग जिथल्या तिथे बसला. मी दोन पावलं मागे सरले आणि सूनबाईच्या शेजारी उभी राहिले. तिनं पदराचं टोक मुठीत घेतलं होतं.

चष्मेवाली आली. पन्नाशीची असेल. माझ्यासारखीच बाई, मी कापडाकडे बघते तशी माणसांकडे बघणारी. फोन समोर धरला. फोटो बोटांनी मोठा केला. चीर बघितली, ओघळ बघितला, थेंब मोजले. घेवड्याच्या दाण्यावर तिचं बोट थांबलं. पिनवाल्याच्या दातांत पिन वाजत होती ती मला ऐकू येत होती. मग बोट पुढे गेलं, कफवर. चार बोटं.

"डाग बरोबर आहे," ती म्हणाली.

सूनबाईनं पदर सोडला.

चष्मेवाली वळली आणि परत थांबली. डॉक्टरच्या बाहीला हात लावला. "हा माणूस मारामारी करून रस्त्यात पडलाय," ती म्हणाली. "मग बाहीला इस्त्रीची घडी कशी?"

मी बघितलं. खांद्यापासून मनगटापर्यंत घडी, पट्टीनं आखल्यासारखी. दोन्ही बाह्यांना. कॉलर ताठ. डाग वाळवायला इस्त्री हातात घेतली, आणि चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढे गेला होता. मला कळलंही नव्हतं. फोटोतला शर्ट चोळामोळा होता आणि आमचा लग्नाला निघाला होता.

"हा धुतलाय," चष्मेवाली म्हणाली. पिनवाल्याकडे बघत. "दोन दिवस जपायला दिलेला शर्ट कोणी धुतला?"

पिनवाला दातांतली पिन काढून छातीवर लावायला लागला. आणि सूनबाई एक पाऊल पुढे सरकली. तिचं तोंड उघडलं. सकाळचंच वाक्य येणार होतं, मला ऐकू आलं ते. ते एकदा बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलली असती तर ते कायमचं तिचं झालं असतं, आणि काम गेलं असतं ते तिच्या चुकीनं गेलं असतं.

"मी धुतला," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"हिची सासू. हात लावू नका असं हिनं बजावलं होतं. मी लावला. ही दुकानात नव्हती, हा पिनवाला नव्हता. माझी चूक."

माझी चूक हे दोन शब्द माझ्या तोंडून याआधी निघाल्याचं माझ्या मुलालाही आठवणार नाही. सूनबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी परकी भाषा बोलले.

"पण का धुतला?" चष्मेवाली म्हणाली.

खोटं सांगायला माझ्याकडे पडद्याची गोष्ट तयार होती. पण डॉक्टर तिथेच उभा होता, ते रक्त अंगावर घेऊन.

"बघवेना," मी म्हटलं. "याच्या अंगावर रक्त बघवेना मला. धुतलं की झालंच नाही असं वाटलं."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मी सोडलं नसतं. चष्मेवाली काही बोलायच्या आत मी पुढे झाले. म्हटलं, डाग मी केलाय, घडीही मीच मोडते. आणि त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

कपडा पिळतात तशी बाही पिळली. मनगटाकडून वर, मुठी आवळत, सोडत, परत आवळत. मग दुसरी. कॉलर चुरगळली, पाठीमागून शर्ट ओढला, डागाला धक्का न लावता. तो अंघोळीला उभ्या केलेल्या पोरासारखा हात लांब करून उभा होता. त्याच्या कानाशी तोंड गेलं तेव्हा मी हळूच विचारलं, "मरणार आहेस का रे?"

तो तेवढ्याच हळू म्हणाला, "मलाही माहीत नाही, मावशी. उद्याचा कागद उद्या सकाळी मिळतो."

म्हणजे तो पोक काढून जे वाचत होता त्यात तो स्वतःलाच शोधत होता.

मी बाजूला झाले. चष्मेवालीनं परत फोटो धरला. लांबून कोणीतरी ओरडलं की ऊन उतरतंय, चला. ती वेळ घेत होती. एकदा फोटो, एकदा शर्ट, एकदा मी. मग पिनवाल्याला म्हणाली, घे याला. आणि सूनबाईकडे वळून म्हणाली, "काम तुमच्याकडेच राहील. पण हात फक्त तुम्ही लावायचा. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला कळतो."

यावर मला निदान दहा उत्तरं सुचली. मी मान डोलावली.

परत येताना सूनबाई माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होती. दुकान दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "जिभेला कशाला लावायचं, आई? काय काय घालतात त्यात."

मी म्हटलं, "साखर."

शुक्रवारी साडेसातला शटर अर्धं खाली आलं. मुलगा इस्त्री बंद करून आला, सूनबाई नोंदवही मिटून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. एरवी ती उभी राहून बघते. डॉक्टर गल्लीतून आला, हसत. सुरा आला. मला माहीत होतं तरी मी खुर्चीचा हात धरला. मग तो पडला आणि मुलगी धावत आली, डोकं मांडीवर घेतलं, आणि दोन वर्षं जे सांगितलं नव्हतं ते त्याच्या कानात सांगायला लागली. कपडे न्यायला आलेली एक बाई शटरखालून वाकून आत आली होती, ती तशीच वाकलेली राहून डोळे पुसत होती. माझ्या मुलानं स्वतःची चार बोटं कफवर ओळखली आणि घसा खाकरला.

मी डागाकडे बघत होते. ओघळ बरोबर. तीन थेंब बरोबर. मुलीनं रडता रडता त्याचा डावा हात उचलून आपल्या गालाला लावला, बाही ताणली गेली, आणि खांद्याच्या जरा खाली, वीतभर, सरळ रेघ उभी राहिली.

सूनबाईनं मान न वळवता म्हटलं, "आई, डाव्या बाहीला घडी राहिली."

"बघितली," मी म्हटलं. "माझी इस्त्री आहे. मुलगी रडली म्हणून मोडणार आहे का?"

ती हसली. मग डॉक्टरनं डोळे मिटले, तो मेला की नाही हे न सांगता भाग संपला, आणि आम्ही दोघी जाहिराती संपेपर्यंत बसून राहिलो.